मोडलेल्या पायाची भरपाई मागायला लाज कसली?

अपघातातून उठलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडं येतात ती झोप लागत नाही, लेकरांवर उगाच चिडायला होतं, मागून गाडीचा आवाज आला की छातीत धस्स होतं, असं सांगत. दोन-तीन भेटी झाल्या की आतली बोच वर येते. ‘पैसे मागावेत का? लोक काय म्हणतील? त्याच्या गाडीला धड विमाच नाही, मग मागून उपयोग काय?’ औसा, निलंगा, उदगीर, कुठल्याही तालुक्यातला माणूस असो, प्रश्न हेच. म्हणून एका गवंड्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय अडतिशीचं. गाव औसा तालुक्यातलं, काम लातूरला. संध्याकाळी मोटारसायकलवरून परतताना भाजीपाल्याच्या पिकअपनं उलट्या बाजूनं येऊन उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला. पिकअपचा विमा आधीच संपलेला. मालक शेजारच्या गावचा, तोंडओळखीचा. तो चार मोठी माणसं घेऊन घरी आला आणि पंचवीस हजार रुपये व स्टॅम्प पेपर पुढं ठेवला. ‘पुढं कसलीही तक्रार नाही’ एवढ्यावर सही हवी होती. बायको धीराची. “पाय तर बरा होऊ द्या,” म्हणत तिनं सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं, आणि पुढं नवऱ्याला माझ्याकडं आणलं तेही तिनंच.

“मॅडम, मोडलेल्या पायाचे पैसे घ्यायचे म्हणजे भीक मागितल्यावानी वाटायलंय,” तो म्हणाला.

घडलेली गोष्ट आणि होणारा त्रास यांच्या मधोमध माणूस स्वतःला एक वाक्य ऐकवत असतो, असं मी मानते. ते सापडेपर्यंत मी नुसत्या धीराच्या शब्दांवर फार वेळ घालवत नाही. याचं वाक्य त्यानं आपणहून हातात दिलं होतं.

“त्याच पिकअपनं तुमची म्हैस उडवली असती तर?”

“तर दारात जाऊन पैसे घेतले असते की.”

“लाज वाटली असती?”

“लाज कसली? दुभती म्हैस, नुकसान झालं ना.”

“मग गवंड्याचा पाय दुभत्या म्हशीपेक्षा स्वस्त आहे का?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मांडीवर हात ठेवून म्हणाला, “पायावरच तर हाय सगळं. परांचीवर चढता येईना आता.” आणि रडला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच रडला, असं बायको म्हणाली.

तोवर प्रत्येक भेटीत तो गावाबद्दल, मालकाबद्दल, पंचांबद्दल बोलायचा. स्वतःच्या पायाबद्दल एक शब्द नाही. लाजेनं त्याचं दुःख दाबून धरलं होतं. काय गेलं हे मोजायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला त्याचं दुःख तरी कसं करता येणार? तो प्रश्न नेमक्या वेळी विचारला गेला, याचं मला आजही समाधान आहे.

कायदाही हेच मोजतो. अपंगत्वाचा दाखला किती टक्क्यांचा एवढ्यावर थांबू नका, त्या माणसाच्या कामावर आणि कमाईवर किती परिणाम झाला ते बघा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे. एकाच दुखापतीनं टेबलावर काम करणाऱ्याचं जे नुकसान होतं, त्याहून गवंड्याचं कितीतरी मोठं. हे ऐकल्यावर तो ताठ बसला.

दया मात्र उरली होती. “त्याची बी लेकरं शाळेत जातेत, मॅडम.” मी म्हटलं, सोडायचं असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण किती सोडताय हे कळल्याशिवाय सही केलीत तर पुढं दरवेळी पाय दुखला की स्वतःलाच शिव्या द्याल.

आता विम्याचं. गाडीचा विमा चालू असेल तर बाहेरच्या माणसाच्या दुखापतीच्या किंवा मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. ७.५ लाखांची मर्यादा ऐकून लोक हबकतात, पण ती मालमत्तेच्या नुकसानीची. विमा संपलेला असेल तर जबाबदारी मालक आणि चालकावर येते. अशी गाडी पुरेसं तारण दिल्याशिवाय सुटू नये, असा नियम करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं. म्हणून गाडी पोलिसांच्या ताब्यात असतानाच वकील गाठा. विमा संपला हे मालकाच्या तोंडचं खरं धरू नका, गाडीच्या नंबरावरून सरकारच्या एमपरिवहन ॲपवर तारीख बघा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुम्ही राहता त्या भागातही अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमानं त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि गावात समझोत्याच्या बैठका घेण्यातच ती निघून जाते. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. तिथं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मालकानं दवाखान्यासाठी पैसे दिले तर घ्या, पण ते उपचाराच्या खर्चापोटी घेतले असं लिहून ठेवा. दवाखान्याचं प्रत्येक बिल जपा, आणि मुकादमाकडची हजेरीची वहीसुद्धा. रोज किती मिळत होतं याचा तोच पुरावा.

त्या गवंड्यानं मुदतीत अर्ज केला. निकाल लागायचा आहे, वेळ लागेल हे त्याला मान्य आहे. तोवर तो दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करतो, कमाई पूर्वीपेक्षा कमी आहे. रात्री झोप लागते. मालकानं मध्यंतरी पुन्हा माणूस धाडला होता. “वकिलाशी बोला,” एवढं सांगून तो जेवायला बसला, असं त्याची बायको सांगत होती.