डेंजर माउस हे जुनं ब्रिटिश कार्टून आज बघण्यासारखं आहे का?

आहे, पण एका बैठकीत दहा भाग बघू नका, साचा लगेच कळतो. १९८१ साली सुरू झालेल्या या मालिकेतला गुप्तहेर उंदीर लंडनच्या बेकर स्ट्रीटवर लाल टपालपेटीत राहतो. एका डोळ्यावर पट्टी, आवाज ब्रिटिश अभिनेता डेव्हिड जेसनचा. खरी धमाल मात्र त्याच्या भित्र्या साथीदाराची, पेनफोल्डची. शिवाय निवेदक गोष्ट सांगता सांगता स्वतःच वैतागतो!

मालिका बनवणाऱ्या मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल स्टुडिओकडे पैसे बेताचेच होते. म्हणून काही प्रसंग अंधारात घडतात, काळ्या पडद्यावर नुसते डोळे लुकलुकतात. ही काटकसर मला तर विनोदच वाटते. खलनायकाच्या हस्तक कावळ्याचे ओढूनताणून केलेले इटालियन उच्चार मात्र आता खटकतात.