गवती चहाची पात वाटू नका, दांडा वाटा

दादरच्या मंडईतली जुडी थाई करीच्या वाटणात घातली तर तोंडात काड्याच काड्या आल्या, आणि उरलेली दुधाच्या चहात घातली तर दूध फाटेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोष तुमच्या मिक्सरचा नाही. आपल्याकडे आल्यासोबत मिळते ती पात. थाई स्वयंपाकात वाटतात तो मुळाजवळचा जाड, फिकट दांडा. पात कितीही फिरवली तरी तिचे दोरेच होतात. चार-पाच पाती एकत्र दुमडून गाठ मारा, नारळाच्या दुधात सोडा आणि वाढायच्या आधी काढून टाका. मी कोलंबीच्या पातळ रश्श्यात अशीच गाठ सोडते, फार छान वास लागतो. पातीच्या कडा मात्र धारदार असतात, बोट उलटं फिरवलं की चिरलंच.

दांडा हवा असेल तर कुंडीत लावा, खरंच लावा. बुडाशी थोडा गड्डा असलेला दांडा पाण्याच्या पेल्यात उभा ठेवला की दोनेक आठवड्यांत मुळं फुटतात. उन्हाची खिडकी मिळाली की त्याचं भराभर बेट होतं. मग मातीलगत कापायचा, बाहेरचे दोन-तीन कडक पापुद्रे सोलायचे आणि खालची चार बोटंच घ्यायची. आडव्या चकत्या करा, अगदी पातळ. धागे उभे असतात, ते इथेच तुटले पाहिजेत. कोवळ्या दांड्याच्या चकतीत कधी फिकट जांभळी वलयं दिसतात. चकत्या आधी बत्त्याने ठेचा, मग वाटा.

आता दूध. गवती चहाने दूध फाटत नाही. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या तेलकट द्रव्याचा, जे लिंबाच्या सालीतही असतं. आंबटपणा त्यात नसतो. फाटलंच तर आल्याचा संशय घ्या: कच्चं आलं थेट दुधात पडलं की असं होतं. म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळा, मग पात कात्रीने कापून घाला, आणि झाकण ठेवा, नाहीतर सगळा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. दोन-तीन मिनिटांनी चहा पावडर, शेवटी दूध.

जुडी उरली तर पात सावलीत वाळवा, उन्हात नको. दांडे चकत्या करून फ्रीजरमध्ये टाका, वाटणाच्या दिवशी तसेच थेट घेता येतात.