आधी फ्लोट कर

सातपूर, नाशिक

पोरी,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू ठेवून गेलेलं सुपरमरीन एस.६बीचं, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या त्या जुन्या शर्यतीच्या विमानाचं लाकडी मॉडेल अजून माझ्या टेबलावरच आहे. तुझ्यासमोर मी ‘छान झालंय’ म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. धड सुरेख उतरलंय, नाकाचा निमुळतेपणा तर मलाही पहिल्या झटक्यात जमला नसता. पण फ्लोट, चाकांच्या जागी विमानाला पाण्यावर तरंगवणारे ते होडीसारखे भाग, म्हणजे दोन केळी आहेत, आणि तीही एका घडातली नव्हेत. तोंडावर सांगितलं असतं तर तू हिरमुसली असतीस, म्हणून लिहितोय.

चूक तुझ्या हाताची नाही, क्रमाची आहे. आधी मनासारखं धड केलंस, मग पंख, मग निळा रंगही मारून टाकलास, आणि उरलेल्या उत्साहात फ्लोट उरकलेस. सगळेच असं करतात. पण हे विमान बाजूने बघ. लांबीला फ्लोट धडापेक्षा फार कमी नाहीत, आणि बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. म्हणून पुढच्या वेळी आधी फ्लोट कर. ते जमले नाहीत तर बाकीचं लाकूड वाया तरी जाणार नाही.

तू विचारलं होतंस, की जगातली सगळ्यात वेगवान विमानं त्या काळी पाण्यावरून का उडायची? एवढं फ्लोटांचं ओझं घेऊन? तेव्हा नाकावरच्या पंख्याच्या पात्यांचा कोन पक्का असायचा. तो मोठ्या वेगासाठी बसवला की सुरुवातीला पंखा नुसता हवा घुसळतो, विमान हलता हलत नाही. पंखही लहान, म्हणजे उचलायला वेग जास्त लागणार. एवढी लांब धावपट्टी आणायची कुठून? समुद्र मात्र हवा तेवढा मोकळा. श्नायडर ट्रॉफीची, म्हणजे सीप्लेनची (पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची) शर्यत १९१३ साली मोनाकोला सुरू झाली तेव्हा जिंकणाऱ्याचा सरासरी वेग ताशी ७४ किलोमीटरसुद्धा नव्हता. १९३१ साली तुझ्या याच एस.६बीने ५४७ने शर्यत मारली आणि त्याच महिन्यात ६५५चा विक्रम केला. अठरा वर्षांत! आपल्याकडे एवढ्या वेळात एक उड्डाणपूल होतो.

आता फ्लोटच्या पोटाखालची ती पायरी. तू ती पॉलिश पेपरने गोल करून टाकलीस, ‘फिनिशिंग’ म्हणून. स्वयंपाकघरात जा, नळ सोड, आणि चमचा दांड्याला सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला लाव. चमचा बाहेर ढकलला जात नाही, धारेत ओढला जातो. फुगीर पृष्ठभागाला पाणी असं चिकटतं. फ्लोटचं पोट मागपर्यंत सलग गोल ठेवलं तर पाणी विमानाला सोडणारच नाही. म्हणून मध्ये एक धारदार पायरी. तिथं पाणी तुटतं, मागे हवा शिरते आणि फ्लोट पुढच्या भागावर घसरायला लागतो. हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला गेलीस तर चांदवे बघ, पाण्यावर फडाफडा धावत कसे उठतात ते. पाण्यातून सुटायला पक्ष्यालाही मेहनत पडते. हे एकदा कळलं की ती कड गोल करायला तुझा हात धजावणारच नाही. कानशीचे दोन हात सफाईने मार आणि पेपर तिथे नेऊच नकोस.

आता नकाशांबद्दल, म्हणजे विमानाच्या मापाच्या आराखड्यांबद्दल. तू कॉलेज रोडवरून प्रिंट काढून आणलेल्या नकाशावर मी वर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पकड, लावली. आडवं माप आणि उभं माप एका स्केलचं नाही. दुकानदाराने ‘फिट टू पेज’ दाबलं असणार, त्या बिचाऱ्याला काय माहीत. यापुढे नकाशावर १०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ काढूनच प्रिंटला दे, आणि दुकानातून निघायच्या आधी मोज. एस.६बीचा पंखविस्तार ९.१४ मीटर, लांबी ८.७९. तू १:४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाचं, मॉडेल घेतलंयस, म्हणजे पंख १९० मिलिमीटर आणि लांबी १८३. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेव. छापील नकाशाशी ते जुळले नाहीत तर नकाशा खोटा, मग तो कितीही देखणा असो. आणि फोटो व नकाशा भांडले तर मी फोटोच्या बाजूने.

लाकूड बाल्सा नको. फ्लोटसारख्या धारदार कडेच्या कामात ते दबतं. चाळीस वर्षं मी फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे लाकडी नमुने, केले, तेव्हा हात सागवानावर बसलेला, पण एवढ्या लहान कामात सागाची छिद्रं रंगाखालूनही डोकावतात. शिवण घे. कापायला मऊ, कड धरते, वाकत नाही. ठोकळा पावसाळ्यात आणलास तर लगेच हात लावू नकोस. दिवाळीपर्यंत माळ्यावर पडू दे.

आमच्या धंद्यातली एक युक्ती देतो. ठोकळ्याचे दोन उभे भाग कर आणि मध्ये काळा कागद घालून फेविकॉलने चिकटव. किती तासलंस तरी मधली काळी रेघ शेवटपर्यंत दिसत राहते. ती सरळ तर फ्लोट सरळ. तुझी केळी झाली कारण मधली रेघ तू पेन्सिलने काढलीस आणि पहिल्याच पटाशीला ती उडाली. मग पत्र्याचे अर्धगोल गेज काप, दर दहा मिलिमीटरला एक, आणि लावून लावून तास. कंटाळवाणं आहे. त्यात गंमत शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही, रेडिओ लावतो.

माझी एक फजिती सांगतो, हसू नकोस. पॅटर्नमेकरकडे दोन पट्ट्या असतात. एक साधी, आणि एक कॉन्ट्रॅक्शनची. ओतीव लोखंड गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून त्या दुसऱ्या पट्टीवरचा प्रत्येक इंच मुळातच तेवढा मोठा आखलेला असतो. निवृत्तीनंतर दोन्ही पट्ट्या एकाच खणात पडल्या. माझ्या पहिल्या एस.५च्या (तुझ्या एस.६बीच्या आधीच्या विमानाच्या) मॉडेलचा डावा पंख मी एका पट्टीने आखला आणि चार दिवसांनी उजवा दुसरीने. उजवा जवळजवळ १ मिलिमीटर लांब! आठवडाभर मी धड वाकडं समजून तेच घासत बसलो होतो.

त्याच एस.५ची दुसरी चूक जास्त मोठी, कारण ती हुशारीतून झाली. १९२७ साली व्हेनिसला वेबस्टर या वैमानिकाने याच विमानावर ताशी ४५३ किलोमीटरच्या वेगाने शर्यत जिंकली होती. म्हटलं, खालच्या फळीवर रेझिनचं पाणी ओतू आणि विमान व्हेनिसच्या खाडीत उभं करू, उड्डाणाआधी, टाकी भरलेली. स्पिरिट लेव्हल लावून पंख अगदी सपाट बसवले. आयुष्यभर काटकोनात काम केलेला माणूस मी, दुसरं काय करणार. पुढे वाचनात आलं की एस.५चं सगळं पेट्रोल उजव्या फ्लोटमध्ये असायचं. इंजिनाने जोर धरला की त्याचा पीळ डावा फ्लोट पाण्यात दाबतो, तो तोलायला उजवीकडे वजन. म्हणजे टाकी भरून शांत उभं असलेलं विमान उजवीकडे कललेलं हवं होतं, आणि माझं सरळ, ऐटीत. रेझिन घट्ट झालेलं. ते मॉडेल आजही तसंच आहे. विचारणाऱ्याला मी ‘पेट्रोल संपल्यावरचं’ म्हणून सांगतो.

तेव्हा जोडणी करताना आधी ठरव, की तुझं विमान उभं कुठे आहे. किनाऱ्यावर ट्रॉलीवर असेल तर सगळं काटकोनात. त्यासाठी किचनच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा कुठल्याही फरशीवाल्याकडे मिळेल. आमच्या कारखान्यातल्या सरफेस प्लेटची, म्हणजे मापं तपासायच्या अगदी सपाट पाटाची, गरिबाघरची बहीण ती. त्यावर आलेखाचा कागद चिकटव, दोन्ही फ्लोट त्यावर टेकव, धड वर लाकडी ठोकळ्यांवर हवेत धर आणि मग मधले दांडे कापून बसव. दांडे आधी कापून फ्लोट त्यांना लटकवायचे नाहीत. तू नेमकं तेच केलंयस. दांड्याच्या आत पितळी तार घाल आणि अरल्डाइट वापर. फेविक्विक चुकीची दुरुस्ती करायला वेळच देत नाही.

पंख आणि फ्लोट ताणून धरणाऱ्या तारांना दोरा वापरू नकोस. दोऱ्याला लव असते, आणि धूळ बसली की ती सुतळी दिसते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घे, दोन पकडींत धरून किंचित ताण म्हणजे ती सरळ होते, मग काचेवर ठेवून स्टीलच्या पट्टीखाली लाट. चपटी होते, आणि या विमानांच्या खऱ्या तारा चपट्याच असायच्या, हवा कापायला.

पंखा लाकडाचा नको, ॲल्युमिनियमच्या पट्टीचा कर. पट्टी काप, पात्याचा आकार दे, मधोमध पकड आणि दोन्ही बाजू पीळ. ही पळवाट नाही. अमेरिकेच्या कर्टिस विमानांचे रीड पंखे मुळात ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी पिळूनच केले जायचे.

आता रंग. निळा कोणता, यावर मॉडेलवाले आयुष्यभर भांडतात, मी त्यात पडत नाही. एवढंच सांगतो, की जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोवरून छटा ठरवू नकोस. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळा रंग फिकट उमटायचा आणि लाल काळपट. खरं एस.६बी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभं आहे, त्याचे आजचे रंगीत फोटो बघ. ते पुन्हा रंगवलेलं असू शकतं हे धरूनच बघ. फवारा मारायचा तर थंडीत, दुपारी अकरा ते तीन. जुलैत मारलास तर लॅकरवर पांढरं धुकं येतं, आपल्याकडचा पाऊस कोणाची गय करत नाही.

राहिलं तुझं मॅक्की एम.सी.७२, ते इटलीचं सीप्लेन. ‘पुढचं हेच’ असं तू जाहीरच करून गेलीस. माझ्या मते घाई करतेयस, पण मोह कळतो. कास्तोल्दीने आखलेलं ते लाल यंत्र १९३१च्या शर्यतीला वेळेत तयार झालं नाही, चाचण्यांत दोन वैमानिक गेले. शेवटी १९३४ साली वैमानिक आजेल्लोने इटलीतल्या गार्डा सरोवरावर ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम केला. पिस्टन इंजिनाच्या सीप्लेनमध्ये तो अजून कोणी मोडलेला नाही. ओझरच्या विमानकारखान्याकडून सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की कधीकधी मला आजेल्लो आठवतो, उगाचच. एम.सी.७२चे नाकावरचे दोन पंखे एकमेकांच्या उलटे फिरायचे, त्यामुळे पिळाचा प्रश्नच मिटला. म्हणजे हे विमान पाण्यात तू खुशाल सरळ उभं कर.

अडचण पंखांची आहे. पंखांचा वरचा-खालचा पृष्ठभाग म्हणजेच त्याचा रेडिएटर, इंजिन गार ठेवणारा, तांब्यापितळेच्या रंगाचा. रंगाने ते दिसत नाही, खरं तांबंच हवं. मी हौसेने भांडी बाजारात पत्रा मागायला गेलो होतो. त्यांचा सगळ्यात पातळ पत्रासुद्धा आपल्या कामाला चिलखत होईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिकट पाठीची तांब्याची टेप मिळते, ती घे. रेडिएटरच्या रेघा पंखाच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे, शाई संपलेल्या बॉलपेनने, पट्टी लावून. चिकटवून झाल्यावर पितांबरी किंवा चिंच लावायची नाही, ती फटीत शिरून आतून हिरवं करते. आधी चमकव, बोट न लावता चिकटव, आणि त्याच दिवशी लॅकर मार. नाहीतर महिन्याभरात देवघरातल्या तांब्यासारखं काळं पडेल.

कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आहे म्हणालीस. वापर की. माझा त्याच्यावर राग नाही, पण प्रिंटवरचे थर घासून काढताना तुला तेच गेज लागतील.

तुझ्या एस.६बीचे फ्लोट मी गरम पाण्याच्या फडक्याने सोडवून ठेवले आहेत, धडाच्या रंगाला काही झालेलं नाही. शिवणीचा एक ठोकळा माळ्यावरून काढलाय, तीन वर्षं वाळलेला आहे. रविवारी चारनंतर ये, आधी मी झोपलेला असतो. येताना जुना पत्र्याचा डबा आण, गेज कापायला. आणि काकूने मागच्या वेळचा शिरा राहिला म्हणून निरोप दिलाय, तेव्हा उपाशी पोटी ये.

तुझा,
पॅटर्नवाले काका