फ्रंटिअर रोमान्स, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींतल्या प्रेमकथा, वाचायला घेताय? मग एवढं बघा

मालिकेतलं चौथं पुस्तक आधी उचलू नका. आधीच्या पुस्तकांतल्या थोरल्या भावांची लग्नं कशी जमली ते फुकट कळून बसतं. सुटी कादंबरी घ्या.

कथेचं साल मात्र बघाच. १८६२ च्या होमस्टेड या अमेरिकी कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळे, पण पाच वर्षं तिथे राहून ती कसावी लागे. अविवाहित बाईलाही अर्ज करता येई, नवरा असलेलीला सहसा नाही. निम्मे पेच इथूनच सुटतात!

जुन्या पुस्तकांतलं मूलनिवासींचं चित्रण बरेचदा एकांगी असतं, त्याला इतिहास समजू नका.

बंदुका-बग्ग्यांची नावं अडली तर खुशाल पुढे जा. पन्नास पानांत नायिका आवडली नाही, तर पुस्तक बदला.