वाचकांचे प्रश्न : वृद्धांची शुश्रूषा, कामावर राहून शिकताना

प्रश्न : मी बारावी (कला) उत्तीर्ण असून मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात दोन वर्षांपासून मदतनीस म्हणून काम करते. जर्मनीत हे काम शिकताना पगारही मिळतो, असे एका एजंटने सांगितले असून त्यासाठी तो साडेतीन लाख रुपये मागत आहे. भाषा तिथे गेल्यावर आपोआप येते, असेही तो म्हणतो. हे शिक्षण खरोखरच कामावर मिळते का? माझ्या अनुभवाचा तिथे उपयोग होईल का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : शिक्षण कामावर मिळते आणि शिकताना पगार मिळतो, हे खरे आहे. भाषेबद्दल मात्र त्याने तुम्हाला जे सांगितले, ते साफ चुकीचे आहे आणि केवळ तेवढ्या एका वाक्यावरून त्याच्याशी व्यवहार करू नये, असे मी म्हणेन.

या शिक्षणाला तिथे ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. पूर्वी वृद्धांची, रुग्णालयातील रुग्णांची आणि बालरुग्णांची शुश्रूषा असे तीन वेगवेगळे अभ्यासक्रम होते. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने ते एकत्र आणून तीन वर्षांचा एक सामाईक अभ्यासक्रम केला. त्यात २,१०० तास शाळेतील शिक्षणाचे आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. तुमचा करार एखाद्या वृद्धाश्रमाशी, रुग्णालयाशी किंवा घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेशी होतो. कामाच्या तासांतील निम्म्याहून अधिक तास त्याच संस्थेत जातात आणि उरलेल्या तासांसाठी तुम्हाला इतर ठिकाणी पाठवले जाते, त्यामुळे वृद्धाश्रमाशी करार असला तरी रुग्णालय आणि मानसोपचार विभागही पाहावे लागतात. शाळेचे शुल्क घेण्यास कायद्याने मनाई आहे. सार्वजनिक क्षेत्राच्या वेतनकरारानुसार पहिल्या वर्षी महिना १,३०० युरोंहून अधिक पगार मिळतो आणि तो दरवर्षी वाढतो. मात्र त्यातून आरोग्यविमा, निवृत्तिवेतन इत्यादींसाठी साधारण पाचवा हिस्सा कापला जातो आणि घरभाडे त्यानंतर द्यायचे असते. घरी पैसे पाठवण्याचा हिशेब मांडताना हे लक्षात ठेवावे. पहिले सहा महिने परिवीक्षेचे (प्रोबेशनचे) असतात.

आता मुख्य मुद्दा. नुसते कामावर असणे म्हणजे शिकणे नव्हे. म्हणूनच प्रत्यक्ष कामाच्या तासांपैकी किमान १० टक्के वेळ स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शकासोबत, आधी आखणी करून घालवला पाहिजे, असे तिथला कायदा सांगतो. माणसे कमी पडतात तिथे शिकाऊ मुलीला पाळीवर जास्तीचे दोन हात म्हणून जुंपले जाते आणि मार्गदर्शनाचे तास कागदावरच राहतात, अशी तक्रार जर्मनीतील विद्यार्थीही करतात. त्यामुळे मुलाखतीत पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा : माझा मार्गदर्शक कोण असेल आणि त्याच्यासोबतचे तास कुठे नोंदवले जातील?

या तासांत काय शिकवले जाते, याचे एक उदाहरण देतो. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस बदलताना माकडहाडाजवळ लालसर डाग दिसला, तर मार्गदर्शक तुम्हाला त्यावर बोट काही क्षण दाबून धरायला आणि मग उचलायला सांगेल. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर तूर्त दाब हटवून लक्ष ठेवणे पुरते. तो लालच राहिला, तर ती बेडसोरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी समजायची, त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि तिथे मालिश तर मुळीच करायचे नाही. त्वचा सावळी असेल तर हा रंगबदल नीट दिसत नाही. तिथे ती जागा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे लागते. नंतर डाग कुठे, केवढा, दाबल्यावर काय झाले आणि कूस किती वाजता बदलली, हे लिहून ठेवायचे आणि पाळी संपताना पुढच्या माणसाला तोंडी सांगायचे. हे सगळे जर्मन भाषेत. शिवाय स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला कुठे दुखते आहे, हे त्याच्या अर्धवट वाक्यांतून ओळखायचे असते, तेही त्याच्या बोलीत. म्हणून भाषा ही केवळ व्हिसाची अट नाही, या कामाचे ते हत्यार आहे. व्हिसासाठी साधारणपणे भाषेची बी-१ ही मध्यम पातळी पुरते, परंतु शुश्रूषेच्या बहुतेक शाळा तिच्या वरची बी-२ मागतात, आणि त्यांचे ते मागणे रास्त आहे असे माझे मत आहे. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्यूलर भवनात शिकण्याची व परीक्षेची सोय आहे. बी-२ पर्यंत पोहोचायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जाते. हा खर्च करावा, तो वाया जात नाही.

तुमच्या अनुभवाचा उपयोग नक्की होईल. वृद्धाश्रमाकडून कामाच्या तपशिलासह प्रमाणपत्र घ्या. मात्र काही सवयी मोडाव्या लागतील. आपल्याकडे माणसाला काखेत हात घालून वर ओढण्याची पद्धत सर्रास आहे. अर्धांगवायूच्या रुग्णाचा लुळा खांदा त्यामुळे निखळू शकतो. तिथे खुर्ची रुग्णाच्या धडधाकट बाजूला ठेवून, त्याला पुढे झुकवून, त्याच्याच पायांवर भार घेत उठवायला शिकवतात. दार वाजवल्याशिवाय खोलीत जायचे नाही आणि आपल्यासारखे लगेच ‘आजी’ म्हणायचे नाही, आडनावाने आदरपूर्वक हाक मारायची, हेही तिथल्या शिस्तीत येते.

एजंटच्या मागणीबद्दल : परदेशातील नोकरीसाठी भारत सरकारकडे नोंदणी केलेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, त्याची नोंदणी आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहा. शुश्रूषेच्या क्षेत्रात परदेशातून प्रामाणिकपणे भरती करणाऱ्यांसाठी जर्मन सरकारचे एक गुणचिन्ह असून, भरतीचा खर्च उमेदवाराने नव्हे तर मालकाने करावा, हे त्यामागचे तत्त्व आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे. त्या मार्गाचीही चौकशी करा. तुमच्या बारावीला मान्यता मिळेल का, हे तिथले संबंधित राज्य ठरवते, त्यामुळे मान्यतेचा कागद हाती येण्यापूर्वी नोकरी सोडू नका. (जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या वाचकांनी हा मार्ग धरू नये; त्यांनी आपल्या पदवी-पदविकेच्या मान्यतेसाठी अर्ज करावा.)

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून पुण्यात ब्युरोमार्फत बारा तासांच्या पाळीने पेशंट सांभाळते. शिक्षण आठवी. परदेशी जाणे शक्य नाही, पण काम नीट शिकायचे आहे. ब्युरोने कधीच काही शिकवले नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या हजारो स्त्रियांच्या हाती आपल्याकडची म्हातारी माणसे सोपवलेली आहेत आणि त्यांना शिकवण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, याची मला मनापासून चीड येते. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येत असणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे; ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ या नावाने जवळच्या कौशल्य केंद्रात चौकशी करा आणि शिक्षणाची अट तुम्हाला लागू होते का, ते तिथेच विचारा.

तोवर कामावरच शिका. पेशंटकडे फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स येते तेव्हा बाजूला न जाता उभ्या राहा, एकदा त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा आणि चूक सांगायला लावा. एक वही ठेवा : कूस किती वाजता बदलली, पाणी किती प्यायले, लघवी किती व कोणत्या रंगाची, ठसका लागला का. भरवताना पेशंटला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. नाकातून पोटात नळी घालणे, लघवीची नळी बदलणे, इंजेक्शन देणे ही नर्सची कामे आहेत. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी नकार द्या आणि तसा नकार दिल्याचे त्याच दिवशी ब्युरोला कळवा.