‘पासिंग स्ट्रेंज’ हे रॉक म्युझिकल कशाबद्दल आहे? इंग्रजी बेताचंच असेल तरी पाहावं का?

जरूर पाहा. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय घरातला एक मुलगा. आई चर्चला ओढते, त्याला संगीत खुणावतं. ‘खरं’ काहीतरी शोधायला तो आधी अ‍ॅमस्टरडॅम, मग बर्लिन गाठतो. बर्लिनचा भाग मला सगळ्यांत चटका लावतो. तिथल्या कलाकारांत आपलं वजन पडावं म्हणून हा खाऊनपिऊन सुखी घरातला पोरगा गरीब वस्तीत हाल काढल्याचं सोंग घेतो. आई फोनवर घरी ये म्हणते, तो जात नाही. मग एक दिवस आईच उरत नाही.

गायक स्ट्यू स्वतः सूत्रधार होऊन आपल्याच तरुणपणाकडे पाहत गातो, वादकही रंगमंचावरच. संगीत नाटक पाहिलेल्यांना सूत्रधार परका वाटणार नाही. संगीत स्ट्यू आणि हायडी रोडवाल्ड यांचं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं आणि संहितेला टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाला.

तिथले अखेरचे प्रयोग चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीने चित्रित केलेत, तेच सबटायटल लावून पाहा. चर्चमधले नटच पुढे युरोपातली माणसं होतात, तिकडे लक्ष ठेवा.