वाचकांचे प्रश्न : गुडघेदुखी आणि ग्लुकोसामाइन

प्रश्न : आईचं वय 62. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज दिसली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात बरं वाटतंय म्हणते. चालू ठेवाव्यात का? (सांगली)

उत्तर : बरं वाटतंय हे खरंच असणार, गोळीमुळेच वाटतंय का, ते पाहायला हवं. अमेरिकेतल्या ‘गेट’ चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. गुडघेदुखीचे 1,583 रुग्ण, 24 आठवडे. दुखणं निदान 20 टक्क्यांनी कमी झालं म्हणणारे दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत सुमारे 67 टक्के होते. प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीवर, 60 टक्के! एवढा फरक योगायोगानेही पडतो. गुडघेदुखी चढते-उतरते, माणूस औषध आणतो ते ती शिगेला पोचल्यावर, आणि मग उताराचं श्रेय गोळीला मिळतं. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात जोडगोळीचा फायदा दिसला होता, पण तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन नको, असंच स्पष्ट सांगितलं.

आणलेला डबा संपवा आणि तीन महिने थांबा. दर रविवारी दुखण्याला दहापैकी गुण देऊन कॅलेंडरवर लिहा. वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र आजच डॉक्टरांना विचारा. रक्त जास्त पातळ होऊ शकतं. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, तेव्हा त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : मग करायचं काय? व्यायामाने तर जास्तच दुखतं. (ठाणे)

उत्तर : बहुतेकदा व्यायामाचं माप चुकलेलं असतं. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी घ्या, उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. दहा वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड. धपकन बसलात तर मांडीच्या स्नायूला काम मिळतच नाही. उठवत नसेल तर आसनावर घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा. करताना थोडं दुखलं तर चालेल; दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी निम्मंच करा. सहा-आठ आठवड्यांआधी निकाल लावू नका.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. आपल्याकडे सर्रास उलटं दिसतं.

डायक्लोफिनॅक जेलला पुरावा चांगला आहे, पण लोक वाटाण्याएवढं लावतात. 1 टक्क्याच्या जेलचं चाचण्यांतलं माप एका गुडघ्याला 4 ग्रॅम, दिवसातून चारदा. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. त्यावर गरम पिशवी नको. किडनीचा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारा.

प्रश्न : हळदीचं दूध आणि गुडघ्यातलं इंजेक्शन? (फोंडा)

उत्तर : हळदीच्या अर्काने दुखणं थोडं कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलं, पण ते अर्क होते, दुधातला चमचा नव्हे. दूध आवडत असेल तर प्या. स्टिरॉइड इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. ठरावीक काळाने घेत राहणं वेगळं : 2017 च्या चाचणीत दर 12 आठवड्यांनी, दोन वर्षं दिलं, दुखण्यात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र जास्त झिजली.